भाजणी

"तुमच्याकडे काही जळतंय का हो?"

दारात तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उभे होते. चेहऱ्यावर शेजारधर्म आणि संशय सारख्याच प्रमाणात. माझ्या हातात लाकडी कालथा होता, केसांत आणि भुवयांत सोनेरी फोलपटे अडकली होती आणि पाठीमागून, स्वयंपाकघराच्या दारातून, निळसर धूर सावकाश बैठकीच्या खोलीकडे निघाला होता.

"जळत नाही, भाजतंय," मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणालो.

"काय भाजताय?"

"कॉफी."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिले. घरात माझी पत्नी आहे ना, आणि हा प्रकार तिला ठाऊक आहे ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची असावी. मग म्हणाले, "पण कॉफी भाजलेलीच मिळते की बाजारात!"

आता याला काय उत्तर द्यायचे? मिळते. चांगली मिळते, दळूनही मिळते. पण जे बाजारात सुखाने मिळते ते दुप्पट वेळ आणि तिप्पट धूर करून घरी, थोडे बिघडवून, तयार करणे यालाच तर छंद म्हणतात. गृहस्थ गेले, पण जाताना जिन्यात दोनदा नाक फेंदारून त्यांनी श्वास घेतल्याचे मी ऐकले.

मला प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक आठवला. कॉफीपायी देशाचा पैसा बाहेर जातो म्हणून त्याने १७८१ साली कॉफी भाजण्याचा हक्क सरकारकडे घेतला आणि परवान्यावाचून घरी भाजण्याची बंदी केली. लोक अर्थातच चोरून भाजू लागले. पण कॉफी चोरून पिता येते, चोरून भाजता येत नाही. वास वाड्याबाहेर जाऊन चहाडी करतो. तेव्हा राजाने निवृत्त सैनिकांना नेमले. त्यांनी गल्लीबोळांतून हिंडायचे, हवा हुंगायची आणि वास येईल त्या घरात शिरायचे! जर्मन भाषेत त्यांना 'कॉफी हुंगणारे' असेच नाव होते. आमचे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ लष्करात नव्हते, विमा कचेरीत होते. पण त्या पलटणीत ते सहज हवालदार झाले असते.

या छंदाचे मूळ माटुंग्याला आहे. १९५८-५९ च्या सुमारास किंग्ज सर्कलजवळ आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते आणि शेजारी पालघाटकडचे एक तमिळ कुटुंब राहत असे. घरात चौघे मुलगे आणि एक मामी. मामींच्या मराठीत स्त्रीलिंग-पुल्लिंगांची सरमिसळ असे. चहा 'आली' आणि कॉफी 'आला' असे त्या म्हणत, आणि ऐकून ऐकून आम्हीही घरी तसेच बोलू लागलो तेव्हा वडिलांनी एकदा माझा कान पिळला होता.

आमच्याकडे चहा. कॉफी म्हणजे दुखणाईताला किंवा रात्रीच्या जागरणाला दुधात उकळून, जायफळ घालून द्यायचे पेय, अशी आईची समजूत. मामींकडे मात्र कॉफी हा कुळाचार होता. दर शनिवारी दुपारी त्या गॅलरीत कोळशाची शेगडी पेटवीत आणि तिच्यावर एक लोखंडी नळकांडे आडवे ठेवीत. हातभर लांब, दोन्ही तोंडे बंद, एका बाजूला फिरवायचा दांडा. आत हिरव्या बिया टाकायच्या आणि पाटावर बसून दांडा फिरवीत राहायचे. खर्र-खर्र-खर्र असा एकसुरी आवाज सुरू झाला की आम्ही मुले गोट्या टाकून गॅलरीत जमत असू. थोड्या वेळाने तो वास सुटे. जिना उतरून तो रस्त्यावर जाई, आणि आमची आई, जिला कॉफी आवडत नव्हती, ती देखील वाळत घातलेले कपडे काढण्याचे निमित्त करून गॅलरीत येई आणि हवे त्याहून जास्त वेळ कपडे काढीत राही.

मला कोडे पडे ते निराळेच. नळकांडे बंद, आतले काही दिसत नाही. मग नेमके केव्हा उतरवायचे हे मामींना कसे कळते? एकदा मी विचारले. त्यांनी दांडा न थांबवता मला जवळ बोलावले, माझे डोके धरून नळकांड्याच्या बाजूला वळवले आणि म्हणाल्या, "कॉफी बोलतो. ऐकायचा."

मी ऐकले, आत काहीतरी तडतडत होते. तेवढ्यात मामींनी नळकांडे उचलून सुपात रिते केले आणि त्या तपकिरी, धुरकटलेल्या बियांतून जो वास उठला, तो मी पुढे पन्नासहून अधिक वर्षे शोधीत राहिलो. १९६७ साली ते कुटुंब गावी परत गेले. मी नोकरीला लागलो, लग्न झाले, पुण्याला आलो, मुलगी मोठी होऊन परदेशी गेली. चांगली कॉफी पुष्कळ ठिकाणी मिळाली. तो वास कुठे मिळाला नाही.

सेवानिवृत्तीनंतर, २०१४ च्या जानेवारीत, आम्ही दोघे चिकमगळूरला गेलो. कॉफीच्या तोडणीचा हंगाम होता. मळ्यांतल्या खळ्यांवर बिया वाळत पसरल्या होत्या. जवळच बाबा बुदनचा डोंगर. सतराव्या शतकात या फकिराने येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि इथे लावल्या, अशी कथा तिथे सगळेच सांगतात. त्या काळी अंकुरणारी बी बाहेर नेऊ देत नसत. सात बिया! आमच्या हिने ताबडतोब विचारले, "सातच का?" सातचा आकडा मुसलमानांत पवित्र मानतात असे आमच्या वाटाड्याने सांगितले. ती म्हणाली, "मला वाटलं, मुठीत तेवढ्याच मावल्या असतील." मी मळेवाल्याकडून अर्धा किलो कच्ची बी विकत मागितली, तेव्हा त्याने माझ्याकडे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांसारखेच पाहिले.

कच्ची बी दिसायला अगदी सामान्य असते. फिकट हिरवी, दगडासारखी कठीण, आणि वास म्हणाल तर वाळक्या गवताचा. एका फळात सहसा दोन बिया असतात, एकमेकींना पाठ नव्हे, पोट लावून बसलेल्या. म्हणून त्यांची एक बाजू सपाट. कधी फळात एकच बी धरते आणि एकुलत्या एक लेकरासारखी गोल गुबगुबीत होते. तिला पीबेरी म्हणतात आणि तिला भावही जास्त. पण एकुलती असो वा जोडीतली, विस्तवावर चढल्याशिवाय कॉफीचा तो वास त्या बीत नसतोच. तो भाजताना जन्माला येतो.

माझा पहिला घाणा काय झाला हे सांगण्यासारखे नाही, पण सांगतो. मोठ्या आचेवर लोखंडी कढई लालबुंद तापवली आणि बिया ओतल्या. पाच मिनिटांत त्या काळ्याभोर झाल्या. मी विजयाने एक फोडून पाहिली. आत हिरवट, कच्ची. तिची कॉफी केली. आम्ही दोघांनी एकेक घोट घेतला. ही काही बोलली नाही. उठून तिने चहाचे आधण ठेवले.

मग मी अभ्यासाला लागलो. वही घातली. तीत तारीख, बीचे वजन, आच, वेळ असे रकाने पाडले. बीमध्ये शेकडा दहा-बारा भाग पाणी असते. ते हळूहळू जावे लागते. आधी बी पिवळी पडते आणि भाकरी शेकल्यासारखा वास येतो. मग ती तांबूस होऊ लागते, अंगावरचे पापुद्रे सुटून उडू लागतात (माझ्या भुवयांतली फोलपटे हीच). दोनशे अंशांच्या आसपास आतल्या वाफेचा दाब असह्य होऊन बी तडकते. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज; एक, मग दोन, मग सगळ्या कढईभर. ही पहिली तडतड. इथून पुढे केव्हाही उतरवली तरी ती कॉफी. आणखी नेली तर सव्वादोनशे अंशांच्या सुमारास दुसरी तडतड होते. ती बारीक आणि घाईची, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. तिथे बीच्या अंगाला तेल सुटते, आणि त्यानंतर अर्धा मिनिट जरी मन दुसरीकडे गेले तरी हाती कोळसे येतात. शंभर ग्रॅम कच्च्या बीची भाजून साधारण पंच्याऐंशी ग्रॅम होते, पण आकाराने ती फुगून जवळजवळ दीडपट दिसते. निवृत्त माणसांचेही असेच होते असे मी पाहुण्यांना सांगत असे.

पाहुण्यांना मी बरेच काही सांगत असे. भाजल्या भाजल्या लगेच कॉफी करू नये, बीमधला वायू निघून जायला एक-दोन दिवस द्यावेत. चिकोरीने दाटपणा येतो पण कॉफीचा स्वभाव झाकला जातो. तांबूस रंग आणि खमंगपणा ज्या क्रियेमुळे येतो तिचा शोध लुई कामीय मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली लावला. मुलीने पॉपकॉर्न करायचे एक विजेचे यंत्र पाठवले होते. त्यात बी गरम हवेवर नाचत भाजते. ते मी चार दिवस वापरून माळ्यावर टाकले, कारण ते इतका आवाज करी की तडतड ऐकूच येत नसे. हेही मी पाहुण्यांना सांगे. पाहुणे माना डोलावीत आणि आतल्या खोलीकडे आशेने पाहत, कारण तिथून हिच्या चहाच्या कपांचा आवाज येत असे.

एकदा मायारची ती क्रिया मी एका भाच्याला रंगवून सांगत होतो. बीमधली साखर, प्रथिने, उष्णता असे सगळे. दिवाळीचे दिवस होते. ही शेजारीच लाडवांसाठी बेसन भाजीत होती. ती कढईवरची नजर न काढता म्हणाली, "म्हणजे बेसनाचं होतं तेच ना?"

मी म्हणालो, "तत्त्वतः तेच."

"मग त्या मायारला सांगा, माझ्या आजीलाही ठाऊक होतं."

भाचा मोठ्याने हसला, मीही हसलो. पण रात्री वहीत त्या दिवशीच्या घाण्याची नोंद करताना एक गोष्ट मला टोचली. या घरात चाळीस वर्षे काहीतरी भाजले जात होते. चकलीची भाजणी: तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, प्रत्येक निराळे भाजायचे, प्रत्येकाची वेळ निराळी. गोडा मसाला, रवा, दाणे, तीळ, कारळे. त्याला कधी कुणी छंद म्हटले नव्हते. त्याची वही नव्हती. आणि बेसन किती मिनिटे भाजायचे असे मी त्या रात्री विचारले, तेव्हा ती गोंधळून म्हणाली, "मिनिटं? वास येईपर्यंत."

कॉफीचा जो मूळ मुलूख, त्या इथिओपियात पाहुण्यांसमोर कॉफी भाजण्याची रीत आहे. घरातली बाई खापरावर हिरवी बी भाजते आणि धूर निघू लागला की ते भांडे प्रत्येक पाहुण्याच्या पुढ्यातून फिरवते. पाहुण्यांनी हाताने धूर ओढून घेऊन वास घ्यायचा, मगच पुढचे दळणे-उकळणे. ही गोष्टही मी पुष्कळांना सांगितली होती. ती सांगताना 'बाई' या शब्दावर मी कधी थांबलो नव्हतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आम्हा दोघांना करोना झाला. सुदैवाने घरच्या घरी निभावले. हिचा ताप चार दिवसांत गेला. माझाही गेला, पण जाताना वास घेऊन गेला. पहिले काही दिवस त्याचे काही वाटले नाही; त्या वसंतात लोकांचे जे जे जात होते त्यापुढे नाकाचे काय कौतुक! मे महिन्यातल्या एका सकाळी ही गच्चीवर गेली होती आणि मी स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. दाराची घंटा वाजली. तोंडाला मास्क लावलेले तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दोन पायऱ्या खाली उभे होते.

"तुमच्याकडे काही जळतंय का हो?"

या वेळी खरेच जळत होते. माझ्यापासून चार हातांवर दूध उतू जाऊन, आटून, भांडे काळे पडले होते. त्यांना दोन पदरी मास्कमधून, खाली एक मजला, वास गेला होता. मला शेजारी बसून आला नव्हता.

मी भांडे घासायला घेतले. खूप वेळ घासत राहिलो.

त्यानंतर मी कॉफीची बरणी उघडून रोज नाक लावू लागलो. काही नाही. कोऱ्या भिंतीला नाक लावावे तसे. जुलैच्या अखेरीस एक दिवस एकाएकी वास आला, आणि मी बरणी खाली टाकली. जळके रबर आणि नासके काहीतरी एकत्र शिजवल्यासारखा तो दर्प होता. डॉक्टर म्हणाले की पुष्कळांचे असे होते, वासाचे मज्जातंतू पुन्हा वाढताना वाट चुकतात. कांदा, लसूण, आणि विशेषकरून कॉफी, यांचे वास असे विपरीत होतात. बहुतेकांचे हळूहळू सुधारते, धीर धरा. 'विशेषकरून कॉफी' हे त्यांनी सहज म्हटले. माझा छंद त्यांना ठाऊक नव्हता. मी घरी येऊन वही कपाटात ठेवली, कच्च्या बीचा डबा माळ्यावर, त्या पॉपकॉर्नच्या यंत्राशेजारी.

मला सर्वांत भय वाटले ते हे, की मामींच्या गॅलरीतला तो वास आता आठवायलाही येईना. आठवू गेले की रबर मध्ये येई.

दिवाळीला आठवडा होता. मी फिरून आलो तो स्वयंपाकघरात कढई चढलेली, आणि ही पदर खोचून ढवळते आहे. मला वाटले बेसन. पाहतो तो हिरव्या बिया.

"अहो, तो डबा तसाच पडून आहे. किडे होतील," ती म्हणाली. "मी भाजते. तुम्हांला घाण येते तर बाहेर बसा."

मी बाहेर बसलो नाही. नाकाला रुमाल बांधला आणि तिच्या मागे खुर्ची घेऊन बसलो. बसल्यावर काय करायचे हे कळेना, म्हणून विचारले, "कसला वास येतोय?"

"आत्ता? ओल्या पोत्याचा."

थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "आता पोळी शेकल्याचा." मग, "दाणे." मी डोळे मिटून ऐकत होतो. माझ्या वहीत त्या जागी मी 'वास: दुसरी अवस्था' असे लिहीत असे. मग काटकी मोडली. एक, दोन, आणि मग सगळी कढई बोलू लागली. ती ओसरल्यावर मी म्हणालो, "झालं! उतरव."

"थांबा. अजून कच्चट आहे."

"अगं, तडतड संपली की. आता करपेल."

"करपत नाही. मला वास येतोय ना!"

एवढा आत्मविश्वास मी माझ्या सात वर्षांच्या वहीतही कधी दाखवला नव्हता. ती ढवळत राहिली. मी खुर्चीच्या कडेला येऊन दुसऱ्या तडतडीची वाट पाहत राहिलो, आणि पहिली मोहरी फुटल्याचा आवाज मला आला त्याच क्षणी तिने गॅस बंद केला आणि कढई सुपात रिती केली. आम्ही दोघे एकदमच "आता" म्हणालो होतो.

ती सूप घेऊन पाखडू लागली. फोलपटे खिडकीतून उडाली. एकाएकी तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. आमच्या आजोळच्या गुऱ्हाळासारखा वास आला. काहिली उतरवताना यायचा तसा."

तिचे आजोळ कोल्हापूरकडचे. मी तिथे लग्नानंतर दोनदा गेलो होतो, गुऱ्हाळही पाहिले होते. पण पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माटुंग्याची गॅलरी मी तिला किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही, आणि तिचाही एक असा वास कुठेतरी राहून गेला असेल हे मला कधी सुचले नव्हते. मी म्हणालो, "सांग ना, कसा असायचा?" ती पाखडता पाखडता सांगू लागली. पहाटेची थंडी, आजोबांची घोंगडी, काहिलीच्या कडेला चिकटलेली साय, ती काढून पळसाच्या पानावर द्यायची मामेबहीण. मामेबहिणीचे नाव देखील मी पहिल्यांदा ऐकले. त्या घाण्याची कॉफी मी प्यायलो नाही, पिणे शक्यच नव्हते. तिने माझ्यासाठी अर्धा कप केली, चाखली, आणि तिसऱ्या मजल्यावर पाठवली.

पुढच्या वर्षभरात रबर हळूहळू मागे हटले. वास पुष्कळसा परत आला आहे, सगळा नाही. भाकरी शेकल्याचा येतो, दाण्यांचा येतो, पण शेवटच्या त्या अर्ध्या मिनिटात जे काही होते ते माझ्या नाकाला नीट कळत नाही. तेव्हा आता घाणा आम्ही दोघांनी घालायचा असे ठरूनच गेले आहे. मी ऐकतो, ती वास घेते. वहीत 'शेरा' म्हणून नवा रकाना पाडला आहे. तो तिच्या सांगण्यावरून भरायचा. त्यात 'ओले पोते', 'पाटी-पेन्सिल', 'नव्या मडक्यातले पाणी', 'तुमच्या आईंचा शिकेकाईचा डबा' अशा नोंदी आहेत. ती अजूनही चहाच पिते.

यंदा तिचा उजवा खांदा दुखतो आहे. डॉक्टरांनी हात फार चालवू नका म्हटले आहे. म्हणून परवा लाडवांचे बेसन मी भाजले. ती खुर्चीवर, मी कढईपुढे. बेसन तडतडत नाही; कानांचा काही उपयोग नव्हता.

"ढवळत राहा. खाली लागेल."

"ढवळतोय."

"कडेचं आत घ्या. तूप घाला. एवढं नको! हां."

हात भरून आला. मी विचारले, "किती वेळ?"

"सांगते."

रंग बदलला, तूप सुटू लागले, मलाही खमंग असे काहीतरी येऊ लागले होते. माझ्या अंदाजाने झाले होते. मी तिच्याकडे पाहिले. ती डोळे मिटून बसली होती.

"अजून नाही," ती म्हणाली.

मी ढवळत राहिलो.